चित्रकथेतील पोरे आणि त्यांच्या हातचे कोलीत

माकडाच्या हाती कोलीत, ही म्हण आपण वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत फार सहजपणे वापरतो. सोळा वर्षांच्या पोराने बापाची मोटारसायकल पळवली, की आपण ती म्हणतो. त्याने मोबाइलवरून काही भलतेसलते चहूकडे पसरवले, की पुन्हा म्हणतो. म्हणीत सारा दोष माकडाकडे जातो. कोलीत त्याच्या हाती कोणी दिले, हे ती म्हण विचारीत नाही. आज ज्या चित्रकथांविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, त्या नेमका हाच प्रश्न विचारतात. म्हणूनच त्या पोरांसाठी लिहिलेल्या असल्या तरी थोरांनीही वाचाव्यात, असे मला वाटते.

वसंतातल्या व्याख्यानांत ज्ञानेश्वरीवर बोलावे, इतिहासावर बोलावे. चित्रकथा हा काय विषय झाला, असे कोणी म्हणेल. ही शंका नवी नाही. अमेरिकेत १९५४ साली फ्रेडरिक वर्थम ह्या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी तेथील सीनेटच्या समितीपुढे ह्या प्रश्नाची सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली. आपल्याकडे इतका गाजावाजा झाला नाही, परंतु पाठ्यपुस्तकात लपवून चित्रकथा वाचणारा मुलगा आणि त्याचा कान धरणारे मास्तर हे दृश्य आपल्याही परिचयाचे आहे. मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली आणि वेताळ घरोघरी पोचला. १९६७ साली अनंत पै ह्यांची ‘अमर चित्रकथा’ आली. पण वेताळ हा थोर माणूस आणि अमर चित्रकथेतील राम-कृष्ण हे तर देवच. त्यांच्या हातची शक्ती शोभून दिसते. तिची आपणांस भीती वाटत नाही. भीती वाटते ती शक्ती पंधरा-सोळा वर्षांच्या, घरी न जुळणाऱ्या, शाळेत मार खाणाऱ्या मुलाच्या हाती आली म्हणजे.

नारपोलीच्या श्रोत्यांपुढे शक्ती ह्या शब्दाची फोड करण्याची गरज नाही. आपल्या गल्ल्यांतून ‘पॉवर’ हा शब्द केव्हाच इंग्रजी राहिलेला नाही. पॉवर गेली म्हणजे माग थांबतात, पॉवर आली म्हणजे खडखडाट पुन्हा सुरू होतो. ही शक्ती तारेतून येते, तिचे बिल येते आणि तिच्या बटणावर कोणाचा तरी हात असतो. तेव्हा शक्ती म्हटली की तीन प्रश्न आपणांस आपोआप सुचावेत. ती आली कोठून? ती राबते कोणासाठी? आणि बटण कोणाच्या हाती आहे? हेच तीन प्रश्न घेऊन आपण तीन शहरांतल्या तीन चित्रकथांकडे जाऊ.

पहिले शहर न्यूयॉर्क, साल १९६२. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को ह्या दोघांनी पीटर पार्कर नावाचा शाळकरी मुलगा निर्माण केला. तो पोरका; काका-काकूंनी वाढवलेला. अभ्यासात हुशार, पण मुलांत हिणवला जाणारा. विज्ञानाच्या एका प्रयोगाच्या वेळी किरणोत्साराच्या झोतात सापडलेला कोळी त्याला चावतो आणि कोळ्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी येते. वास्तविक किरणोत्साराने पेशींना इजा होते, कोणाला भिंतीवर चढता येत नाही. परंतु विज्ञानकथेचा नियमच असा असतो, की एक अशक्य गोष्ट आरंभी मान्य करावयाची आणि पुढे मात्र सारे काटेकोर तर्काने चालवावयाचे. ही अशक्य गोष्ट त्या काळी सुचली ह्यालाही कारण आहे. हिरोशिमानंतर सतराच वर्षे लोटली होती आणि अणूतील शक्ती मानवाचे काय करील, ही चिंता प्रत्येक घरात होती.

आता हा मुलगा शक्ती आल्यावर काय करतो? कोणतेही हिणवले गेलेले पोर करील तेच. तो तिच्यावर पैसा आणि टाळ्या मिळवू पाहतो. एक चोर त्याच्या डोळ्यांदेखत पळतो. त्याला अडवणे सहज शक्य असते, पण हे माझे काम नव्हे म्हणून तो बाजूला राहतो. तोच चोर पुढे त्याच्या काकांचा खून करतो. बळ अंगी आले की भारही अंगावर येतो, हा धडा त्या पोराला एवढी किंमत देऊन मिळतो. ध्यानात घ्या, त्याच्या हातून पाप घडते ते शक्ती वापरल्यामुळे घडत नाही. ती असून न वापरल्यामुळे घडते.

दुसरे शहर आपल्या शेजारचे, मुंबई. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग ह्यांनी ह्याच कथेचा हिंदुस्थानी अवतार चार अंकांत सिद्ध केला. येथे पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. तो खेड्यातून शिष्यवृत्ती मिळवून मुंबईच्या शाळेत आलेला मुलगा आहे. काका भीम आणि काकी माया ह्यांच्याजवळ तो राहतो. त्याच्या गावठी पेहरावावरून श्रीमंत मुले त्याची टिंगल करतात; मीरा जैन नावाची एक मुलगी तेवढी त्याच्याशी नीट बोलते. पुढे अंगात शक्ती येऊनही तो एका संकटात सापडलेल्या स्त्रीच्या हाकेकडे दुर्लक्ष करतो. काका भीम मात्र धावतात आणि गुंडांकडून मारले जातात. धडा तोच आहे. ह्या पवित्र प्रभाकराला २०२३ साली स्पायडरमॅनच्या एका चित्रपटात मोठे स्थान मिळाले आणि तो चित्रपट मराठीसह दहा भाषांत आपल्याकडे दाखवला गेला, त्यामुळे आजची मुले त्याला ओळखतात.

पण एक फरक फार बोलका आहे. पवित्रला शक्ती किरणोत्सारी कोळ्यापासून मिळत नाही. ती त्याला एक प्राचीन योगी देतो. त्याचा शत्रू नलिन ओबेरॉय हाही प्रयोगशाळेतून निघत नाही; एका ताइतामुळे तो राक्षस होतो. हिंदुस्थानची कथा म्हणजे योगी आणि राक्षस हवेतच, असा हिशेब त्यात दिसतो. मला तो काहीसा घाईचा वाटतो. न्यूयॉर्कच्या पीटरला कोळी चावला त्याच्या सहा वर्षे आधी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, मुंबईच्याच तुर्भ्यात ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली होती. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र वीज देऊ लागले. म्हणजे किरणोत्सारी कोळी शोधावयास मुंबईच्या पोराला फार लांब जावे लागले नसते! योगी आणल्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाची धार गेली. योग्याने दिलेल्या शक्तीबद्दल कोणाला जाब विचारावयाचा? वर हा वर असतो. प्रयोगशाळेतून शक्ती आली, तर मात्र ती प्रयोगशाळा कोणी बांधली, पैसा कोणी दिला आणि मुलाला तेथे कोणी नेले, हे विचारता येते.

आणि हे प्रश्न सर्वांत निर्भयपणे विचारणारी चित्रकथा तिसऱ्या शहरातली आहे. ते शहर टोकियो. कात्सुहिरो ओतोमो ह्या चित्रकाराने ‘अकिरा’ ही कथा १९८२ च्या डिसेंबरात ‘यंग मॅगझीन’ ह्या नियतकालिकात सुरू केली आणि १९९० साली पुरी केली. सहा खंड आणि दोन हजारांहून अधिक पाने असा तिचा पसारा आहे. १९८८ साली ओतोमोनेच तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याच वर्षापासून, ज्या मार्व्हल कंपनीने पीटर पार्करला जन्म दिला तिनेच, ‘अकिरा’ इंग्रजीत आणण्यास प्रारंभ केला.

कथा थोडक्यात अशी. १९८२ साली एका प्रचंड स्फोटाने टोकियो नष्ट होते आणि तिसरे महायुद्ध सुरू होते. त्यानंतर समुद्राच्या खाडीत नवे टोकियो उभारले जाते. साल येते २०१९. पुढच्या वर्षी तेथे ऑलिंपिक भरावयाचे असल्यामुळे बांधकामे जोरात चालू आहेत. (प्रत्यक्षातही २०२० चे ऑलिंपिक टोकियोला मिळाले आणि महामारीमुळे ते २०२१ साली भरले, हा योगायोग अनेकांनी नोंदवला आहे.) ह्या झगमगत्या शहरात कानेदा आणि तेत्सुओ ही दोन पोरे आहेत. धंदेशिक्षणाच्या एका बदनाम शाळेत ती नावापुरती जातात. रात्री मोटारसायकली पिटाळणे, गोळ्या खाणे आणि दुसऱ्या टोळीशी मारामारी करणे हा त्यांचा उद्योग. कानेदा म्होरक्या. तेत्सुओ लहानपणापासून त्याच्या पाठीशी असलेला, सदैव सांभाळून घेतला गेलेला आणि म्हणून मनातून धुमसणारा.

एका रात्री तेत्सुओच्या गाडीपुढे एक विचित्र मूल येते. अंगाने लहान, चेहरा मात्र म्हाताऱ्याचा. अपघात होतो. ते मूल लष्कराच्या गुप्त प्रयोगातून पळालेले असते. लष्कर तेत्सुओलाही उचलून नेते. तपासणीत दिसते, की ह्या पोराच्या मेंदूत काही जागे झाले आहे. मग त्याच्यावरही प्रयोग सुरू होतात. प्रयोगातल्या मुलांना आकडे दिलेले आहेत आणि ते त्यांच्या तळहातावर गोंदलेले आहेत. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. अठ्ठावीस म्हणजे अकिरा. पूर्वीचे टोकियो ज्याच्या शक्तीने उडाले, तो हा बालक ऑलिंपिकच्या बांधकामाच्या पोटात, जमिनीखाली, अतिथंड कोठडीत गोठवून ठेवलेला आहे. तेत्सुओला एक्केचाळीस हा आकडा मिळतो.

हा अठ्ठावीस आकडा ओतोमोने मुद्दाम घेतला आहे. १९५६ साली मित्सुतेरू योकोयामा ह्या चित्रकाराने ‘तेत्सुजिन २८’ ही लोकप्रिय चित्रकथा सुरू केली होती. तीत युद्धासाठी बनवलेला एक अजस्र यंत्रमानव एका शूर मुलाच्या ताब्यात येतो. मुलाच्या हाती नियंत्रणाची पेटी असते. खटका दाबला की यंत्र उठते, दाबला की थांबते. त्या मुलाचे आडनावही कानेदाच. ओतोमो त्या गोष्टी वाचत वाढलेल्या पिढीतला. त्याने ते यंत्र आणि ती पेटी काढून टाकली आणि शक्ती सरळ पोराच्या डोक्यात घातली. आता बटणच राहिले नाही. वडीलधाऱ्यांच्या पिढीची अशी समजूत होती, की युद्धाचे हत्यार चांगल्या मुलाच्या हाती दिले म्हणजे काम भागले. नव्या पिढीने विचारले: आमच्या हाती काय दिले आहे, हे तुम्हांला तरी ठाऊक आहे काय?

तेत्सुओचे पुढे काय होते? डोके फुटेल अशी वेदना त्याला सुरू होते आणि ती दाबण्यासाठी तो अधिकाधिक गोळ्या खातो. प्रतिस्पर्धी टोळीवर तो हुकमत बसवतो, जुन्या मित्राला ठार करतो. आकाशातील उपग्रहावरून सोडलेल्या किरणाने त्याचा हात तुटतो. तेव्हा भंगारातून लोखंडी हात तयार करून तो खांद्याला जोडतो. अकिराही जागा होतो. त्याच्या सोबत्यांपैकी एका मुलाला चुकून गोळी लागते आणि ती पाहताच अकिराच्या शक्तीचा दुसऱ्यांदा स्फोट होऊन नवे टोकियोही कोसळते. त्या ढिगाऱ्यावर तेत्सुओ एक साम्राज्य स्थापतो. गादीवर मुका अकिरा आणि कारभारी स्वतः तेत्सुओ. भुकेलेले, बेघर लोक त्याच्या भोवती जमतात. जेथे कोणाचीच सत्ता उरली नाही तेथे जो जोराने ओरडेल त्याची सत्ता, हे ओतोमोने पानोपानी, बहुधा शब्दावाचून, नुसत्या चित्रांनी दाखवले आहे. अखेर शक्ती तेत्सुओला आवरेनाशी होते. त्याचा देह फुगत, पसरत जातो; ज्या सामर्थ्याच्या बळावर त्याला कोणाच्या पाठीमागे राहावे लागले नसते, तेच त्याला गिळू लागते.

भस्मासुराची गोष्ट आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन त्याचे भस्म होवो, असा वर त्याने मागितला आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून तो जळाला. तेत्सुओ भस्मासुरच, असे म्हणून पुस्तक मिटावेसे वाटेल. पण दोघांत अंतर आहे. भस्मासुराने वर मागून घेतला. तेत्सुओने काहीच मागितले नव्हते. तो रस्त्याने चालला होता, थोरांनी त्याला उचलून नेले. त्याच्या शाळेने त्याला टाकाऊ ठरवले होते, शहराने त्याला रात्रीचा उपद्रव मानले होते. लष्कराला तो एकाएकी मोलाचा वाटू लागला, तोही केवळ एक आकडा म्हणून. कथेतला कर्नल दुष्ट माणूस नाही; शहर वाचावे म्हणून तो धडपडतो. त्याच्याजवळ मोजमापे आहेत, सैनिक आहेत, उपग्रह आहे. मात्र एक्केचाळीस क्रमांकाच्या मुलाला बाळा, तुझे कोठे दुखते आहे, असे विचारण्याची सोय त्या साऱ्या यंत्रणेत नाही.

येथे तिन्ही कथा एकमेकींजवळ ठेवून पाहिल्या, म्हणजे मला त्यांतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. शक्ती कोळ्याने दिली, योग्याने दिली, की लष्कराने दिली, ह्यावर मुलाचे बरेवाईट ठरत नाही. ते ठरते त्याला नावाने हाक मारणारे कोणी उरले आहे की नाही, ह्यावर. पीटरच्या घरी काकू जेवणासाठी वाट पाहत असते. पवित्रला माया काकी आहे, मीरा आहे. ह्या माणसांपाशी शक्ती मुळीच नाही. पण त्यांच्यापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते. तेत्सुओच्या जगात असा एकच माणूस उरतो, तो कानेदा. तोही साधुसंत नव्हे. उर्मट, भांडखोर, स्वार्थी पोर आहे. तरी दोन हजार पाने तो तेत्सुओच्या मागे धावतो, त्याच्यावर गोळ्याही झाडतो आणि त्याला आकड्याने नव्हे, नावानेच हाक मारीत राहतो. कथेच्या शेवटी कानेदा आणि वाचलेली पोरे परदेशी फौजांना परत जावयास सांगतात आणि मोडलेले शहर आमचे आहे म्हणतात. त्यात पोरकट ताठा आहे, परंतु मोडले ते आमचे म्हणण्यात जबाबदारीचा पहिला स्वरही आहे.

अशा गोष्टींनी मुले बिघडणार नाहीत काय? कोसळणाऱ्या इमारतींची चित्रे मुलांना आवडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या फास्टर फेणेपाशी सायकल आणि चलाख डोके ह्यांखेरीज काही नव्हते आणि भा. रा. भागवतांनी तेवढ्यावर पिढ्या रिझवल्या. ते वाचन निर्मळ आहे. पण फुरसुंगीच्या बनेशभोवती त्याला ओळखणारी माणसे होती. ज्या पोरांभोवती तशी माणसे नाहीत, त्यांचीही गोष्ट कोणी तरी सांगावयास हवी. ‘अकिरा’ ही पोरसवदा वयाच्या वाचकांसाठी आहे, लहानग्यांसाठी नव्हे. तीत रक्तपात पुष्कळ आहे. ती घरात आली, तर लपवून ठेवण्यापेक्षा मुलाच्या शेजारी बसून वाचावी आणि विचारावे, तुझ्या मते चूक कोणाची?

हा प्रश्न भिवंडीत विचारला, म्हणजे टोकियो एकदम जवळ येते. १९७० आणि १९८४ ही वर्षे येथील थोरांना समजावून सांगावी लागत नाहीत. दंगलीत जमाव पोराच्या हाती जी शक्ती देतो ती तेत्सुओच्या शक्तीसारखीच असते. एकट्याने जे करण्याचे धाडस त्याला स्वप्नात झाले नसते, ते जमावात तो करतो. कारण तेथे त्याला नाव नसते. कोलीत कोणा थोराने पेटवलेले असते, पोर ते नुसते पुढे नेते आणि पुढे खटला मात्र त्याच्यावर चालतो. आज हे कोलीत खिशातल्या मोबाइलमध्ये मावते, एवढाच फरक.

पण ह्याच गावाने दुसरीही गोष्ट करून दाखवली आहे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीतले हिंदू आणि मुसलमान रहिवासी आणि तेथला पोलीस ह्यांनी नियमाने एकत्र बसावयाचे, नळाच्या आणि गटाराच्या भांडणांपासून सारे तेथेच मिटवावयाचे. ह्यात कसलीही अद्भुत शक्ती नव्हती. सतरंजी आणि चहा, एवढेच साहित्य. पण वर्षानुवर्षे समोरासमोर बसल्याने माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. अमक्याचा मुलगा, तमक्याचा पुतण्या, असे म्हणता येऊ लागले. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. ज्या गावाबद्दल सर्वांना धास्ती होती, ते गाव राहिले.

ओतोमोच्या कर्नलाला उपग्रहाने जे साधले नाही, ते येथे सतरंजीवर बसून साधले, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होईल. कारण एक गोष्ट कल्पनेतली आहे आणि दुसरी घडलेली. परंतु दोन्हींतून निघणारे सूत्र एकच आहे. पोरांच्या हाती शक्ती येणारच. आपल्या वेळी सायकल होती, त्यांच्या वेळी मोबाइल आहे, उद्या आणखी काही येईल. ती अडवून धरणे आपल्या हाती फारसे नाही. आपल्या गल्लीतल्या, संध्याकाळी मागाच्या खात्याबाहेर घोळक्याने उभ्या असलेल्या पोरांपैकी किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत, एवढे मात्र आज घरी जाताना प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे. ज्याचे नाव ठाऊक नसेल त्याला थांबवून ते विचारावे.